बंदरातील संकेतांची भाषा



या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण केल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या लोधीखेड्यात मी बंदरातील जहाजांच्या वाहतुकीवर बोलणार आहे, आणि तेही मराठीच्या प्राध्यापकाने, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा विषय अखेर भाषेचाच आहे.

नागपूर-छिंदवाडा ही छोटी गाडी २०१५ साली बंद होईपर्यंत आपण पाहिली आहे. तिला रूळ होते, हात पाडलेला सिग्नल होता. जहाजाला रूळ नाहीत आणि ब्रेकही नाही. यंत्र उलटे फिरवले तरी मोठे जहाज कितीतरी अंतर पुढे जातच राहते. म्हणून समोरच्याला आपला हेतू वेळीच कळवणे, हेच तिथले मुख्य रक्षण होय.

त्यासाठी १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले आणि १९७७ पासून ते अमलात आले. रात्री जहाजाच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा, उजव्या अंगाला हिरवा. एक आखूड भोंगा म्हणजे ‘मी उजवीकडे वळत आहे’, दोन म्हणजे ‘डावीकडे’, तीन म्हणजे ‘माझे यंत्र उलटे चालले आहे’. पाच किंवा अधिक आखूड भोंगे म्हणजे ‘तुमचा हेतू मला कळत नाही’. यंत्र वा सुकाणू बिघडून जहाज ताब्यात राहिले नाही, तर दिवसा एकाखाली एक दोन काळे गोळे आणि रात्री दोन तांबडे दिवे लावायचे. अरुंद जलमार्गात प्रत्येकाने आपल्या उजव्या कडेने जायचे आणि छोट्या नौकांनी मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही.

आमच्या साहित्यशास्त्रात अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शब्दशक्ती सांगितल्या आहेत. काव्याचे वैभव व्यंजनेत. बंदरात मात्र व्यंजनेला मज्जाव आहे. तिथे एका खुणेला एकच अर्थ, आणि तो सर्व देशांच्या नाविकांना सारखाच. नैयायिक म्हणतात की शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने ठरतो. याचा दाखला समुद्रातील तरंगत्या बोयांमध्ये मिळतो. बंदरात शिरताना आपल्याकडे डाव्या हाताला तांबडा बोया असतो आणि उजव्या हाताला हिरवा. अमेरिकेच्या किनाऱ्यावर नेमके याच्या उलट. रंगात स्वतःचा अर्थ काही नाही. अर्थ आहे तो सर्वांनी मिळून केलेल्या करारात.

हा करार ढळला की काय होते, ते मुंबईने पाहिले आहे. मुंबई बंदर १८७३ पासून विश्वस्त मंडळाच्या कारभाराखाली आले, समोरचे न्हावाशेवा १९८९ साली सुरू झाले, आणि दोन्हींकडे जाणाऱ्या जहाजांना मुख्य जलमार्ग एकच. ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी, भर दिवसा, न्हावाशेव्याहून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारे ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. ‘चित्रा’ एका अंगावर कलंडले, शेकडो कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरले, वाहतूक कित्येक दिवस खोळंबली आणि कोळी बांधवांच्या चुली मंदावल्या. नियम त्या दिवशीही होते. दिवे, भोंगे, रेडिओ आणि किनाऱ्यावरचा नियंत्रण कक्षही होता.

त्याहून जिव्हारी लागणारी घटना १८ डिसेंबर २०२४ ची. घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची, इंजिनाची चाचणी चालू असलेली वेगवान नौका आदळली. पंधरा माणसे प्राणास मुकली. ताबा सुटलेल्या नौकेला काही क्षणांत कोणता भोंगा देता येणार? म्हणून नियमांचा आरंभ खुणेपासून होत नाही. तो सुरक्षित वेगापासून, पुरेशा अंतरापासून आणि अखंड नजरेपासून होतो. खूण त्यानंतर येते.

या नियमावलीतील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या जहाजाला दुसऱ्याने वाट द्यायची असते, त्याला ‘माझा हक्क होता’ एवढे म्हणून सुटता येत नाही. त्याने आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा, म्हणजे समोरच्याचा अंदाज चुकत नाही. पण दुसरा वळतच नाही आणि त्याच्या एकट्याच्या वळण्याने टक्कर टळणार नाही असे दिसले, की त्यानेही हालचाल केलीच पाहिजे. म्हणजे हा हक्क नाही. दोन्ही बाजूंचे ते कर्तव्य आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी नाविक होईल, कोणी होणार नाही. परंतु गावच्या चौकात, संसारात आणि सार्वजनिक कारभारात आपण सारेच अरुंद जलमार्गातून जात असतो. आपला हेतू वेळीच आणि निःसंदिग्ध सांगावा. दुसऱ्याचा कळला नाही तर गप्प न बसता पाच भोंगे द्यावेत. ‘मला कळले नाही’ असे मोठ्याने म्हणण्याची सोय ज्या भाषेत आहे, ती भाषा माणसे वाचवते. शाळेने हे धैर्य मुलांना द्यावे, इतकीच या प्रसंगी प्रार्थना.