चित्राआधी चित्राची जागा

खिळे जुळवून पाने छापण्याच्या काळात चित्राचा ठसा, ज्याला छापखान्यात ब्लॉक म्हणत, पुष्कळदा उशिरा हाती येई. तेवढ्यासाठी जुळारी खोळंबून राहत नसे. ब्लॉकची लांबी-रुंदी त्याला आधी कळविलेली असे. तेवढी जागा चौकटीत मोकळी सोडून भोवतीचा मजकूर तो जुळवून टाकी. ब्लॉक आला की तो त्या पोकळीत बसवावयाचा. एकही ओळ जागची हलत नसे.

वेबपानाची जुळणी छापखान्यात होत नाही. ती वाचकाच्या हातातील यंत्रावर, त्याच्या डोळ्यांदेखत आणि दर वेळी नव्याने होते. मजकूर वजनाला हलका असल्यामुळे तो आधी पोचतो. चित्रे ब्राउझर स्वतंत्रपणे मागवितो आणि ती मागाहून येतात. चित्राचे माप आधी सांगितलेले नसेल, तर चित्राचा पहिला अंश हाती येईपर्यंत ब्राउझरला ते कळण्याचा मार्गच नसतो. साहजिकच तो चित्रासाठी जागा ठेवीत नाही आणि मजकूर वर सरकवून मोकळा होतो. मग चित्र येते, आपल्यापुरती जागा करून घेते आणि खालचे सारे खाली ढकलते. वाचकाची चालू ओळ नजरेआड होते.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न आहे असे समजणे चुकीचे होय. ओळ हरवली तर ती पुन्हा शोधता येते. परंतु ‘रद्द करा’ या बटणावर बोट टेकण्याच्या क्षणी पान सरकून तेथे ‘पैसे भरा’ हे बटण आले, तर झालेली गोष्ट सहजासहजी मागे घेता येत नाही. ज्याची दृष्टी अधू आहे आणि जो पडदा मोठा करून पानाचा एक लहानसा तुकडाच पाहतो, त्याला आपण कोठे होतो हेच कळेनासे होते. हात कापणाऱ्या वृद्धाची स्थिती याहून बरी नसते. भारतात बहुसंख्य लोकांची या माध्यमाशी गाठ पडते ती मोबाइलवर, आणि आगगाडीत, घाटात किंवा आडगावी जोडणी मंद असते. मजकूर आणि चित्र यांच्या आगमनात जितके अंतर अधिक, तितका वाचक वाचनात पुढे गेलेला असतो, आणि धक्काही तितकाच अवेळी बसतो. वेगवान जोडणीवर बसून पान तयार करणाऱ्याला मात्र तो जाणवतही नाही. हा दोष इतकी वर्षे टिकून राहिला याचे एक कारण येथे आहे.

या धक्क्याचे मोजमाप करण्याची एक रीत गूगल कंपनीने २०२० साली पुढे आणली. पडद्याचा किती भाग विस्कटला आणि तो किती अंतर सरकला, या दोन अपूर्णांकांचा गुणाकार करावयाचा, इतकेच तिचे मूळ सूत्र. ३६० पिक्सेल रुंद आणि ७२० पिक्सेल उंच अशा मोबाइलच्या पडद्याचे उदाहरण घेऊ. वरच्या ९० पिक्सेलांत शीर्षक आहे व त्याखाली मजकूर. आता त्या दोहोंमध्ये ४ : ३ प्रमाणाचे, पूर्ण रुंदीचे चित्र अवतरले. त्याची उंची २७० पिक्सेल होते. विस्कटलेला भाग ७२० पैकी ६३०, म्हणजे ०.८७५, सरकण्याचे अंतर ७२० पैकी २७०, म्हणजे ०.३७५. गुणाकार सुमारे ०.३३ येतो. या मोजमापात ०.१ पर्यंतचा अंक चांगला आणि ०.२५ च्या पुढचा वाईट मानला आहे. तात्पर्य, एकट्या चित्राने साऱ्या पानाला नापास केले.

आश्चर्याची गोष्ट अशी की यावरचा उपाय जुनाच आहे. पानात चित्र घालण्याची खूण मार्क अँड्रीसन याने १९९३ साली सुचविली. १९९७ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल ३.२ या प्रमाण-आवृत्तीत त्या खुणेला रुंदी आणि उंची असे दोन गुण जोडता येत होते. चित्र येण्यापूर्वी जागा राखता यावी, हा त्यांचा हेतूही तेथे सांगितलेला होता. जुळाऱ्याला कळविलेले ब्लॉकचे माप ते हेच. काटेकोर माणसे ही मापे लिहीत आणि त्यांची पाने जागच्या जागी राहत.

मग मोबाइल आले. एकाच पानाने लहान-मोठ्या सर्व पडद्यांवर आपापल्या परीने बसावे, ही कल्पना ईथन मार्कोट याने २०१० साली एका लेखात मांडली आणि ती सर्वत्र रुजली. तिच्यात चित्राची रुंदी पडद्याबरोबर कमी-जास्त होते व उंची ‘ऑटो’ ठेवली जाते, म्हणजे तिचा हिशेब ब्राउझरवर सोपविला जातो. कल्पना उत्तम होती. पण लिहून ठेवलेल्या १२०० पिक्सेल उंचीचा आता उपयोग उरला नाही. खरी उंची किती हे पुन्हा चित्र आल्यावरच ठरू लागले. निरुपयोगी झालेली मापे लोकांनी लिहिणे सोडून दिले. एक चांगली सवय अशा रीतीने, कोणाचाही दोष नसताना, मोडली.

मधल्या काळात एका युक्तीवर भागविले जाई. सीएसएस, म्हणजे पानाचे रूप ठरविणाऱ्या नियमांची भाषा, हिच्यात एक चमत्कारिक नियम आहे. पेटीच्या आतील वरची आणि खालची मोकळी कड टक्क्यांत सांगितली, तर तो टक्का उंचीवरून धरला जात नाही. पेटी ज्या पेटीत असते तिच्या रुंदीवरून धरला जातो. तेव्हा पेटीची उंची शून्य ठेवावी, खालची कड ५६.२५ टक्के द्यावी, म्हणजे १६ : ९ प्रमाणाची पोकळी तयार होते, चलच्चित्र त्या पोकळीवर अधांतरी टांगावयाचे. थिएरी कोब्लेन्त्झ याने २००९ साली ही युक्ती विस्ताराने समजावून दिली होती. ती दहा वर्षे निमूटपणे चालली. परंतु ५६.२५ हा आकडा पाहून त्यामागचा हेतू कोणाला ओळखता येणार? ज्या लिहिण्यातून लिहिणाराचा उद्देश वाचता येत नाही, ते पुढे दुरुस्त करणाराला नेहमीच जड जाते.

खरी सुटका एका साध्या जाणिवेतून झाली. पडद्यागणिक उंची बदलते आणि रुंदीही बदलते, पण त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण बदलत नाही. ब्राउझरला माप कळण्याची गरजच नव्हती. प्रमाण कळले की पुरे होते. मोझिला संस्थेत असताना जेन सिमन्स हिने २०१९ साली जुन्या दोन गुणांकडे या दृष्टीने पाहावे असा आग्रह धरला. १६०० आणि १२०० हे आकडे माप म्हणून न घेता त्यांतून ४ : ३ एवढेच घ्यावयाचे, मग ३६० पिक्सेलांच्या पडद्यावर उंची २७० होणार, हे चित्राचा एक अंशही न येता सांगता येते. फायरफॉक्स आणि क्रोम या ब्राउझरांत ही सोय त्याच वर्षाच्या अखेरीस आली, सफारीत २०२० साली. टाकून दिलेली सवय पुन्हा कामाची ठरली; अट इतकीच की रुंदी पडद्यानुसार बदलणार असेल, तर नियमावलीत उंची ‘ऑटो’ असली पाहिजे.

चित्राखेरीज इतर पेट्यांसाठी ‘ॲस्पेक्ट-रेशो’ हा स्वतंत्र नियम २०२१ साली तिन्ही ब्राउझरांत पोचला. ‘ॲस्पेक्ट-रेशो : १६ / ९’ इतके लिहिले की काम होते, आणि वाचणाऱ्याला हेतूही कळतो. दुसऱ्या संकेतस्थळावरून आणून बसविलेली चित्रफीत, नकाशा, आलेख यांना स्वतःचे प्रमाण नसते. त्यांच्यासाठी हा नियम विशेष मोलाचा आहे.

त्याच्या वागणुकीतील काही बारकावे मात्र ध्यानात ठेवले पाहिजेत. रुंदी आणि उंची या दोन्ही ठाम सांगितल्या, तर प्रमाण पाळले जात नाही; त्याला काम उरत नाही. चित्राला नुसते १६ / ९ लावले आणि चित्र मुळात ४ : ३ असले, तर पेटी १६ : ९ च राहते व आतले चित्र ताणले जाऊन माणसांचे चेहरे पसरट दिसू लागतात. ते टाळण्यासाठी ‘ऑब्जेक्ट-फिट’ या नियमाने चित्र कापून बसवावे की कडेला जागा सोडून पूर्ण दाखवावे, हे सांगता येते. किंवा ‘ऑटो १६ / ९’ असे लिहावे. तेव्हा दिलेले प्रमाण चित्र येईपर्यंतच चालते, पुढे चित्राचे स्वतःचे.

आणखी एक गोष्ट अनेक भाषांत पाने काढणाऱ्यांसाठी महत्त्वाची आहे. मजकुराच्या पेटीला चौरस प्रमाण दिले आणि मजकूर त्यात मावेना, तर ब्राउझर मजकूर कापीत नाही. पेटीच उंच होते. दिलेले प्रमाण ही आज्ञा नसून पसंती आहे. एखादे इंग्रजी वाक्य मराठीत किंवा तमिळमध्ये आणले की ते पुष्कळदा लांबते, आणि देवनागरी ओळीला वरच्या वेलांट्या व खालचे उकार सामावण्यासाठी अधिक उंची लागते. अशा वेळी रांगेतील एक पेटी इतरांहून उंच झालेली दिसते. ती सक्तीने चौरस ठेवण्याचा मार्ग आहे, परंतु त्यात शेवटची ओळ दिसेनाशी होण्याचा धोका असतो. पेटी वाकडी दिसली तरी चालेल, वाक्य पुरे दिसले पाहिजे. भाषांतराच्या पानावर तरी याविषयी दुमत नसावे.

जे प्रमाणात सांगता येत नाही, तेथे हा नियम अपुरा पडतो. पानाचा खास टंक उशिरा आला की तोवर लावलेल्या पर्यायी टंकाच्या जागी तो बसतो आणि ओळींची लांबी-उंची बदलते. देवनागरी टंकांत जोडाक्षरांची आकृतिसंख्या मोठी असल्यामुळे ते वजनाला जड असतात आणि हा बदल अधिक उशिरा घडतो. त्यासाठी पर्यायी टंकाचे माप मूळ टंकाशी जुळवून घेणारे निराळे नियम सीएसएसमध्ये आहेत. जाहिरातीचे तर प्रमाणही आधी ठाऊक नसते. कोणत्या वेळी कोणत्या आकाराची जाहिरात येईल हे पान लिहिणाराला सांगता येत नाही. तेथे येऊ शकणाऱ्या सर्वांत उंच जाहिरातीइतकी किमान उंची पेटीला देऊन ठेवावी, आणि लहान जाहिरात आली तर उरलेली जागा कोरी राहू द्यावी.