घर हप्त्यांनी, घरपट्टी कोणाची?

घराचा सौदा ठरताना दोन्ही पक्षांचे सारे लक्ष किमतीवर असते. किंमत किती, इसार किती, बाकी रक्कम केव्हा, एवढे ठरले की बैठक उठते. घरपट्टीसारख्या किरकोळ बाबीची चर्चा करणे उभयतांना संकोचाचे वाटते. रोख व्यवहारात हा संकोच एक वेळ खपून जातो. परंतु विकणाऱ्यानेच मुदत दिली आणि किंमत पाचसात वर्षांच्या हप्त्यांनी फेडावयाची ठरली, म्हणजे हीच किरकोळ बाब पुढे तंट्याचे मूळ होऊन बसते.

कायद्याचा मूळ नियम सरळ आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५५ वे कलम असे सांगते की, निराळा करार नसेल तर विक्रीच्या दिवसापर्यंतचे सार्वजनिक कर विकणाऱ्याने चुकते करावेत, आणि मालकी घेणाऱ्याकडे गेल्यानंतरचे कर घेणाऱ्याने सोसावेत. तेव्हा खरा प्रश्न उरतो तो एवढाच, की मालकी गेली केव्हा?

हप्त्यांच्या व्यवहाराला येथे दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेत खरेदीखत आरंभीच नोंदले जाते. किमतीचा काही भाग राहिला असला तरी मालकी घेणाऱ्याची होते, आणि राहिलेल्या रकमेपुरता विकणाऱ्याचा बोजा घरावर राहतो. येथे त्या दिवसापासूनची घरपट्टी घेणाऱ्याची, यात संशय नाही. दुसऱ्या वाटेत प्रथम केवळ साठेखत होते, ताबा दिला जातो, आणि खरेदीखत शेवटच्या हप्त्यानंतर व्हावयाचे असते. साठेखताने मालमत्तेत हक्क उत्पन्न होत नाही, असे याच अधिनियमाचे ५४ वे कलम म्हणते. कागदोपत्री मालक एक आणि घरात चूल पेटते दुसऱ्याची, अशी ही अवस्था. ‘मालक तुम्ही’ असे घेणारा म्हणतो. ‘राहता तुम्ही’ असे विकणारा म्हणतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते, आणि पट्टी मात्र थकत जाते.

नगरपालिका या वादात पडत नाही. तिच्या वहीत ज्याचे नाव, त्याच्या नावे बिल निघते. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमाप्रमाणे हस्तांतराची सूचना विकणाऱ्याने व घेणाऱ्याने तीन महिन्यांत द्यावयाची असते. ती दिली नाही तर घर विकूनही जुन्या मालकाची जबाबदारी संपत नाही. शिवाय सरकारी साऱ्याखालोखाल घरपट्टीचा त्या घरावर प्रथम बोजा असतो, आणि थकबाकीसाठी घर जप्त होऊन विकले जाऊ शकते.

या प्रथम बोजाचा अर्थ दोघांनीही ध्यानात घ्यावा. ज्याने अनेक वर्षे नेमाने हप्ते भरले, त्याचे राहते घर थकलेल्या पट्टीपायी संकटात येते. आणि विकणारा ज्या घराच्या भरवशावर बाकी किमतीची वाट पाहत असतो, त्या घरावर नगरपालिकेचा हक्क त्याच्या आधी उभा राहतो. पट्टी कोणाचीही असो, ती थकली तर हानी दोघांची.

समजा, एखाद्या घेणाऱ्याने घर वाचविण्यासाठी विकणाऱ्याची जुनी थकबाकी भरली. १८७२ च्या करार अधिनियमाच्या ६९ व्या कलमाने ती रक्कम त्याला परत मागता येते. परंतु त्यासाठी प्रसंगी कोर्टाची पायरी चढावी लागते. चार ओळी आधी लिहिल्या असत्या तर तो खर्च व ते वैर दोन्ही टळले असते.

त्या चार ओळी अशा. ताब्याच्या तारखेपर्यंतची पट्टी विकणाऱ्याची व पुढील घेणाऱ्याची, हे साठेखतात स्पष्ट लिहावे. आरंभीच थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन कराराला जोडावा. दर वर्षी भरलेल्या पावतीची प्रत दुसऱ्या पक्षास द्यावी. आणि एकाने पट्टी चुकविली तर दुसऱ्याने ती भरून रक्कम हप्त्यात वळती किंवा जमा करावी, अशी मुभा ठेवावी. साठेखताची नोंदणीही अवश्य करावी. २००१ पासून नोंदणीवाचून ताब्याला ५३अ कलमाचे संरक्षण मिळत नाही.

विश्वासाच्या माणसाशी एवढे लिहून घेणे काहींना अवघड वाटते. परंतु मुदतीच्या व्यवहारात वर्षे लोटतात, माणसे वृद्ध होतात, वारस पुढे येतात. बैठकीत काय बोलणे झाले होते हे वारसांना ठाऊक नसते. त्यांच्या हाती कागदच येतो.