नाव एक, भाषा दोन



आम्ही संप चालविणारी माणसे. १९५६ साली अल्जीरियाच्या विद्यार्थ्यांनी फ्रेंच सत्तेविरुद्ध संप पुकारला, तेव्हा पॅरिसला शिकणाऱ्या फातिमा-झोहरा इमालायेनने परीक्षा सोडली; फ्रेंच भाषा मात्र सोडली नाही. पुढच्याच वर्षी ‘आसिया जेबार’ या टोपणनावाने तिची फ्रेंच कादंबरी निघाली. शिक्षक वडिलांनी फ्रेंच शाळेत घातले म्हणून तिचा पडदा टळला. पण त्याच भाषेने तिला आईच्या बोलीपासून दूर नेले. १९६२ साली देश स्वतंत्र झाला. पुढे ती कॅमेरा घेऊन आईच्या मुलखात, शेनुआ डोंगरात गेली. बायकांच्या तोंडून स्वातंत्र्ययुद्धाच्या आठवणी ऐकल्या. मग ती अरब, बर्बर की फ्रेंच? आम्ही म्हणतो, ज्यांना कोणी विचारले नव्हते, त्यांचे तिने ऐकले. तीच तिची ओळख.