एका रक्तात दोन कर्करोग



रक्ताचा कर्करोग हा एकच रोग आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो अनेक रोगांचा समूह होय. आणि क्वचित त्यांतील दोन रोग एकाच रुग्णात एकत्र आढळतात.

हाडांतील मज्जेत रक्तपेशी तयार होतात. तेथील मूळ पेशींपासून दोन शाखा फुटतात. पहिल्या शाखेतील बिघाडातून क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, तर दुसरीतील बिघाडातून क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया उद्भवतो. दोन्ही रोग सावकाश वाढतात व दोहोंत पांढऱ्या पेशींची संख्या फुगते. म्हणूनच एकाच्या आड दुसरा लपू शकतो.

पहिल्या रोगाची खूण १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे सापडली. ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची ती अदलाबदल असल्याचे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखविले. या बिघाडावर नेमका घाव घालणारे इमॅटिनिब हे औषध २००१ पासून उपलब्ध झाले. दुसऱ्या रोगावर मात्र ते चालत नाही. दोन्ही रोग असलेल्या रुग्णाच्या काही पेशी औषधाने घटतात, लसिकापेशी तशाच राहतात. अशा वेळी औषध वाया गेले, असे मानून ते सोडणे घातक ठरते. पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा तपासून दुसऱ्या रोगाचे निदान करता येते. त्यास लगेच औषध लागतेच असे नाही. पुष्कळदा नियमित तपासणी पुरते.

महाड व पोलादपूर तालुक्यांतील डोंगरवाड्यांत चढण चढताना लागणारा दम वयावर किंवा पंडुरोगावर ढकलला जातो. परंतु थकवा हटत नसेल, वजन घटत असेल, मानेत वा काखेत गाठी आल्या असतील किंवा डाव्या बरगडीखाली जडपणा वाटत असेल, तर रक्तातील पेशींची मोजणी करून घ्यावी. शंका आल्यास पुढील तपासणीसाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. त्याच संस्थेचे केंद्र रायगड जिल्ह्यातच, खारघर येथे आहे. २०१२ मध्ये राज्याची जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालते व तीत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे.

रुग्णाने पहिल्या दिवसापासूनचे सर्व अहवाल जपून ठेवावेत आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध थांबवू नये. जुन्या व नव्या अहवालांची तुलना होते, तेव्हाच लपलेला दुसरा रोग उघडकीस येतो.