जमीन सोलरला देताना प्लेट कोणती ते विचारा



मुरमाड, पडीक जमीन सोलर प्रकल्पाला भाड्याने द्यावी का, असा प्रश्न हल्ली गावोगाव निघतो. 2023 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी 3 टक्के वाढ, असा दर जाहीर झाला. भाड्याचा हिशेब आपण सगळे करतो. पण जमिनीवर बसणार काय, हे कोणी विचारत नाही. आज तेवढेच सांगतो.

सोलर प्लेटी मुख्यतः दोन जातींच्या. पंपावर आपण पाहतो ती सिलिकॉनच्या चकत्यांची. दुसरी पातळ थराची, म्हणजे थिन फिल्म. हिच्यात चकत्या नसतात. काचेवर कॅडमियम टेल्युराइडचा थर चढवतात आणि वर दुसरी काच चिकटवतात. थर किती पातळ? केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. दिसायला प्लेट सपाट काळी, चौकोन न पाडलेली.

या प्लेटी करणारी सर्वांत मोठी कंपनी अमेरिकेतली फर्स्ट सोलर. तिचा पाया हॅरोल्ड मॅकमास्टर या काचेच्या कारागिराने ओहायो राज्यात घातला. गडी शेतकऱ्याच्याच घरातला. 1999 साली कंपनीला आजचे नाव मिळाले. जानेवारी 2024 मध्ये तिने तमिळनाडूत चेन्नईजवळ कारखाना सुरू केला. त्याला लागणारे पाणी शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून घेतात, हे मला आवडले.

आता गुण-दोष. मे महिन्यात उन्हात प्लेट 65 अंशांपर्यंत तापते. तेव्हा शंभर वॅटच्या सिलिकॉन प्लेटचे 14 ते 16 वॅट कमी होतात, हिचे 12-13. फरक आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. उलट तेवढ्याच विजेला हिला जागा थोडी जास्त लागते.

खरी गोष्ट पुढे आहे. कॅडमियम विषारी. दोन काचांमध्ये बंद असेपर्यंत भीती नाही, शेजारच्या पिकालाही नाही. पण गारपिटीत किंवा ट्रॅक्टरच्या धक्क्याने फुटलेली प्लेट बांधावर टाकू नका, जाळू नका, तुकडे नांगराखाली जाऊ देऊ नका. जपानात जिंझू नदीकाठी खाणीच्या पाण्यातून कॅडमियम भातात उतरले आणि माणसांची हाडे ठिसूळ झाली. ते प्लेटींमुळे नव्हते, पण जमिनीत गेलेले कॅडमियम पीक उचलते, हे त्यावरून कळते. सिलिकॉनच्या प्लेटीतही जोडणीला शिसे असते, तेव्हा तीही तशीच सांभाळायची.

2005 साली फर्स्ट सोलरने जुन्या प्लेटी परत घेऊन काच व धातू वेगळे करण्याची सोय सुरू केली. आपल्याकडेही 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सोलर प्लेटी आल्या आहेत. पण नियम दिल्लीत, आणि प्लेटी तुमच्या सर्व्हे नंबरात!

भाडेपट्टा पंचवीस-तीस वर्षांचा असतो. तोवर आज सही घेणारा माणूस राहील, न राहील. म्हणून करारात लिहूनच घ्या: प्लेट कोणत्या जातीची, फुटलेली किती दिवसांत उचलणार, मुदत संपल्यावर प्लेटी, खांब आणि काँक्रीट कोण काढणार, त्याचा खर्च कोणाचा, आणि त्यासाठी अनामत किती ठेवणार. तोंडी "नेऊ की हो" चालणार नाही. कागद तालुक्याच्या वकिलाला दाखवा, मगच सही करा.