बांडगूळ नव्हे, आमरी!



आपल्या आंब्यावरची सीतेची वेणी, म्हणजे आमरी जातीचं ऑर्किड, 'बांडगूळ आहे, काढून टाका' अशी सूचना गेल्या सभेत आली होती. म्हणून दोन शब्द बोलतो.

बांडगूळ फांदीत मुळं घुसवून झाडाचा रस शोषतं. आमरी नुसती सालीला धरून बसते. पाऊस, दव आणि सालीवर साचलेला पालापाचोळा एवढ्यावर तिचं भागतं. तिची मुळं कोरडी असली की पांढुरकी आणि भिजली की हिरवी दिसतात. पाणी हवं की नको, ते तीच सांगते.

लावायला सोपी. रोप नर्सरीतून आणा, जंगलातून ओरबाडू नका. पाऊस सुरू झाला की खरबरीत सालीवर, सकाळचं कोवळं ऊन लागेल अशा जागी सुतळीने बांधा. माती नको, कुंडी नको. पावसाळाभरात मुळं साल धरतात, सुतळी पुढे कुजून गळते. उन्हाळ्यात अधूनमधून पाण्याचा फवारा मारला की झालं. मे-जूनच्या सुमारास पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात. आसामात हेच राज्यफूल. बिहूला बायका ते केसांत माळतात.

कमिटीला विनंती एवढीच : छाटणीला माणूस येईल तेव्हा ती फांदी राखावी. तोडावीच लागली, तर रोप अलगद सोडवून शेजारच्या झाडाला बांधावं. बिनखर्चाची ठेव आहे, दरवर्षी व्याज देते. मोडू नका.