मोट थांबविणारे तेल



काल सभा संपल्यावर एका गृहस्थांनी माझ्या हाती चिठ्ठी दिली. त्यांच्या पत्नीला कर्करोग आहे, सलाइनमधून औषध चालू आहे, आणि नातलगांनी माशाच्या तेलाच्या गोळ्या आणून दिल्या आहेत. "या द्याव्यात काय?" एवढाच प्रश्न. आजचे व्याख्यान म्हणजे त्या चिठ्ठीचे उत्तर समजावे.

आपल्या अंगणातील सदाफुली सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यापासून व्हिनक्रिस्टिन हे कर्करोगावरील औषध निघते. पण पुष्कळदा असे होते की, पहिल्या खेपेस गाठ विरते, काही महिन्यांनी रोग उलटतो, आणि मग तो तेच औषध जुमानीत नाही. १९७६ साली टोरांटो येथील ज्युलियानो व लिंग यांनी अशा हट्टी पेशींच्या आवरणात एक प्रथिन दाखवून दिले. विहिरीवर मोट चालावी तसे ते आत शिरलेले औषध उपसून बाहेर टाकते, हे पुढे कळून आले. पेशी हट्टी होण्याची कारणे आणखीही आहेत. मोट हे त्यांतले एक.

आता पेशीचे आवरण बव्हंशी स्निग्ध पदार्थांचेच. तेव्हा त्यातील स्निग्धाम्ले बदलली तर मोट अडेल काय? हा प्रश्न धसास लावणाऱ्यांत हैदराबादचे डॉ. यू. एन. दास होते. (१९४८ पर्यंत आपले पैठणही हैदराबाद संस्थानातच होते, तेव्हा हे काम शेजारघरचे म्हणायला हरकत नाही.) १९९० नंतरच्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काचपात्रात वाढविलेल्या, औषधाला न जुमानणाऱ्या पेशींवर गॅमा-लिनोलेनिक आम्ल आणि माशाच्या तेलातील आम्ले योजून पाहिली. औषध पेशीत अधिक साठले, बाहेर कमी पडले, आणि हट्टी पेशी मरू लागल्या.

हे ऐकून आपल्या मराठवाड्यातील मनुष्य लगेच म्हणेल, मग करडईचे तेल आहेच की! करडईत लिनोलेइक आम्ल विपुल असते हे खरे. पण त्याचे गॅमा-लिनोलेनिक आम्ल शरीरात फार मंद गतीने होते. दासांनी मेंदूच्या गाठीत ते थेट टोचले होते. फोडणीतून ते तेथवर पोहोचत नाही. ब्रिटनमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगात याच आम्लाचा क्षार देऊन पाहिला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात रुग्णांचे आयुष्य वाढले नाही.

खरा धक्का नेदरलँड्समधून बसला. २०११ साली उट्रेख्टच्या संशोधकांना उंदरांत असे आढळले की, प्लॅटिनमयुक्त औषध दिल्यावर शरीरातीलच काही पेशी विशिष्ट स्निग्धाम्ले सोडतात आणि त्यांच्या योगाने गाठ औषधाला दाद देत नाही. त्यांतील एक आम्ल माशाच्या तेलातही सापडले! २०१५ साली त्यांनी निरोगी माणसांत तपासले. माशाचे तेल घेतल्यावर, तसेच हेरिंग व बांगडा खाल्ल्यावर, रक्तातील ते आम्ल वाढले. रुग्णांवरचा पुरावा नव्हे, तरी औषधाच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत हे पदार्थ टाळावेत, असे त्यांनी सुचविले.

म्हणजे एका घराण्यातली दोन आम्ले, एक मोट थांबविणारे आणि दुसरे गाठीला पाठीशी घालणारे, एकाच बाटलीत नांदू शकतात. फ्रान्समध्ये तूर येथे २००९ साली स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या २५ स्त्रियांना औषधाबरोबर माशाच्या तेलातील डीएचए हे आम्ल दिले. ज्यांच्या शरीरात ते अधिक मुरले त्या अधिक काळ जगल्या. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ज्या मुळातच बऱ्या प्रकृतीच्या होत्या त्यांच्याच अंगी ते अधिक मुरले असेल, ही शंका मला राहते.

चिठ्ठीत औषधाचे नाव नव्हते. ते सिस्प्लॅटिन किंवा त्या जातीचे असेल, तर गोळ्या तूर्त फडताळातच ठेवाव्यात. दुसरे काही असले तरी ती बाटली आणि पुढच्या सलाइनची तारीख घेऊन त्या गृहस्थांनी आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटावे. जवसाच्या चटणीचेही त्यांनी विचारले आहे. भाकरीबरोबर चमचाभर चटणी हे अन्न आहे. तीवर माझा आक्षेप नाही.